मासा पाण्याबाहेर मरतो, मग जमिनीवर जीव आला कसा? हे पोरांना घरच्या घरी कसं दाखवायचं

गेल्या वर्षी मे महिन्यात एका रविवारी मी रोहू साफ करत बसले होते, आणि शेजारी पाट घेऊन बसलेल्या माझ्या पोरीनं एकदम विचारलं, "मम्मी, मासा बाहेर काढला की मरतोय, मग पहिला मासा बाहेर आलाच कसा, तो नाही का मेला?" पोरगी नुकतीच सहावीत गेलीय. मी साताऱ्यात जीवशास्त्राच्या शिकवण्या घेते, तरी पटकन उत्तर देता आलं नाही, कारण तिनं जे विचारलं तेच तर खरं कोडं आहे आणि पुस्तकातलं चित्र बघून (मासा, मग पाय फुटलेला मासा, मग पाल, मग माणूस, सगळे एका ओळीत चाललेत) ते सुटत नाही, उलट जास्त गुंता होतो.

त्या दिवसापासनं वर्षभर आम्ही दोघी जे जे करत गेलो ते इथं लिहितेय. कुणाला आपल्या पोरांना दाखवायचं असेल तर लायब्ररी लागत नाही, लॅब लागत नाही, स्वयंपाकघर, कंपाउंडची भिंत आणि एक पावसाळा एवढं पुरतं. आणि सगळ्यात आधी उत्तर सांगून टाकते म्हणजे पुढं काय शोधायचं ते कळेल. जो बाहेर आला तो रोहूसारखा मासा नव्हता. त्याच्याकडे फुप्फुसं होती, हातापायांची हाडं होती, आणि हे सगळं तो पाण्यात असतानाच होतं, पाण्यातल्याच कामाला वापरलं जात होतं. पाय फुटले म्हणून तो जमिनीवर चालायला लागला हे खरं, पण जमिनीवर चालायचं म्हणून पाय फुटले हे खोटं. एवढा एक फरक पोराच्या डोक्यात बसला की बाकी सगळं आपोआप लागत जातं.

आधी भिंतीवर टेप लावा

टेलरचा टेप असतो ना, १५० सेंटीमीटरचा, तसे तीन घ्या आणि हॉलच्या भिंतीवर एकापुढं एक चिकटवा, शेवटाला चार सेंटीमीटरचा कागद जोडा. झाले ४५४ सेंटीमीटर. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं आहे, म्हणजे एक सेंटीमीटर बरोबर एक कोटी वर्षं, इतकं सोपं माप दुसरं मला सापडलं नाही. शून्य म्हणजे आज. आता पेन्सिलीनं खुणा करायच्या. साडेतीनशेच्या आसपास जिवाच्या सगळ्यात जुन्या खुणा सापडतात, आणि ते जीव एका पेशीचे, पाण्यातले. २४० च्या जवळ हवेत ऑक्सिजन साठायला लागला, आणि त्याच ऑक्सिजनपासून वर ओझोनचा थर झाला, नाहीतर उन्हातल्या अतिनील किरणांनी जमिनीवर कुणाचा टिकाव लागणं अवघड होतं. मग बराच वेळ टेप जवळजवळ मोकळाच दिसतो, पोरं विचारतात इथं काय झालं, सांगायचं इथं पाण्यातच सगळं चाललेलं.

जमिनीवरच्या झाडांचे सगळ्यात जुने बीजाणू (बी नसलेल्या झाडांचे धुळीएवढे कण, ज्यांतनं नवं झाड उगवतं) ४७ वर येतात. सत्तेचाळीस! साडेचार मीटरच्या टेपवर फक्त शेवटचा अर्धा मीटर. त्याच्या आधी डोंगर होते, नद्या होत्या, पाऊस होता, पण हिरवं पान एक नव्हतं. चार पायांचे प्राणी ३७-३६ च्या आसपास. ६.६ वर डायनासोर संपले. आणि माणूस, म्हणजे आपली जात, तीन लाख वर्षांची, ती शून्यापासून पाव-अर्ध्या मिलिमीटरवर, पेन्सिलीच्या रेघेत मावून जाते.

इथंच एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण साताऱ्याची पोरं हमखास विचारतात की अजिंक्यताऱ्यावर खणलं तर सापडेल का असला मासा. नाही सापडणार. आपला सगळा डोंगर ज्वालामुखीच्या लाव्हाचा, काळा बेसाल्ट, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे टेपवर ६.६ लाच. जो मासा आपण शोधतोय तो ३७.५ वर आहे. त्याचे सांगाडे दुसऱ्या देशात, पण त्यानं जे प्रश्न सोडवले तेच प्रश्न सोडवत बसलेले जिवंत प्राणी मात्र आपल्या अंगणात आहेत.

रोहूपासून सुरुवात करा

मासा आणाल तेव्हा मासेवाल्या मावशींना सांगा, कापू नका, आख्खा द्या. घरी आणून पोराला आधी त्याची मान शोधायला सांगा. सापडत नाही. माशाचं डोकं थेट खांद्याच्या हाडांना जोडलेलं असतं, डोकं वळवायचं तर आख्खं अंग वळवावं लागतं. हे लक्षात ठेवायला सांगा, पुढं कामाला येईल.

मग कल्ल्यांचं झाकण उचला. आत लालभडक झालर दिसते. आता खरा प्रश्न, की हवेत तर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन आहे, मग मासा हवेत गुदमरतो का? याला रंगाचा ब्रश घ्या, मऊ केसांचा. पाण्याच्या ग्लासात बुडवा, केस मोकळे पसरतात. बाहेर काढा, सगळे एकाला एक चिकटून टोक होतं. कल्ल्यांचं अगदी असंच होतं, पाण्यात प्रत्येक पाकळी सुटी असते म्हणून ऑक्सिजन घ्यायला जागा भरपूर, बाहेर काढलं की पाकळ्या एकमेकींवर पडून चिकटतात आणि जागाच उरत नाही, शिवाय सुकायला लागतात. माझ्या पोरीनं तो ब्रश दहा वेळा आतबाहेर केला आणि मग गप्प झाली. ते गप्प होणं मला फार आवडतं, कारण त्यातनं पुढचा प्रश्न येतो, की मग दुसरं काहीतरी लागणार ना श्वासाला.

ते दुसरं काहीतरी माशाच्या पोटातच आहे. पोट उघडलं की पाठीच्या कण्याच्या खाली एक पांढरा फुगा निघतो, सगळ्यांनी बघितलेला असतो, पोरं तो फोडायला मागतात. तो वाताशय, पाण्यात वर-खाली तरंगायला. डार्विनला वाटलेलं की असल्या फुग्यापासूनच पुढं फुप्फुस झालं असावं. पण आता जे कळलंय ते बरोबर उलटं आहे, हाडं असलेल्या माशांच्या पूर्वजांकडं आधी फुप्फुस होतं, आणि रोहूसारख्या माशांच्या घराण्यात पुढं त्याचाच हा फुगा झाला. म्हणजे आपली फुप्फुसं रोहूच्या फुग्यापेक्षा जुनी! हे मला स्वतःला कळलं तेव्हा मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटलेले.

फुप्फुस पाण्यात कशाला हवं, हे बघायचं तर मरळ बघा. आमच्याकडं बाजारात मरळ घमेल्यात ठेवतात, बोटभर पाण्यात, आणि ती तास न् तास जिवंत असते, बाकीचे मासे बर्फावर पडलेले असतात आणि ही मात्र वळवळतेय. दहा मिनिटं शेजारी उभं राहा, मावशी काही म्हणत नाहीत. मधूनमधून तोंड वर काढून ती हवेचा घोट घेते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिथं ती हवा धरते आणि तिथलं रक्त त्यातला ऑक्सिजन ओढतं. आणि तिला जर वर येऊच दिलं नाही तर ती चक्क पाण्यात गुदमरून मरते, मासा असून. कारण उन्हाळ्यात डबकं तापतं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, वर कुजलेला पाला, अशा पाण्यात जिला हवा पिता येते ती वाचते. मरळीची ही पोकळी म्हणजे आपलं फुप्फुस नव्हे हं, ती तिच्या घराण्यानं वेगळी काढलेली युक्ती आहे, पण अडचण तीच, उथळ, कोंदट, गरम पाण्याची. चाळीस कोटी वर्षांपूर्वीसुद्धा अशी पाणी होती आणि फुप्फुसवाल्या माशांना तिथं फायदा होता. जमिनीचा विचार कुणी केलेलाच नव्हता.

रविवारच्या चिकनमधली हाडं

चिकनचा पंख पोराच्या ताटात वाढा, खाऊन झाल्यावर हाडं ओळीनं मांडायला सांगा. खांद्याकडं एक हाड, मग दोन हाडं शेजारी-शेजारी, मग छोटी छोटी, मग बोटांची टोकं. आता स्वतःचा हात चाचपायला सांगा, दंडाला एक, कोपराखाली दोन, मनगटात बारीक बारीक, मग बोटं. मांजर, वटवाघूळ, देवमासा, कुणाचाही पुढचा पाय घ्या, एक, दोन, बारीक, बोटं.

मग रोहूचा पर बघा. असं काही नाही, नुसता काड्यांचा पंखा. म्हणून म्हणते रोहू आपला खापरपणजोबा नाही, लांबचा चुलत आहे. आपल्या वंशाचे मासे वेगळे, त्यांचे पर मांसल, आत हाडं असलेले. त्यातले थोडे अजून जिवंत आहेत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले फुप्फुसमासे, आणि सीलाकांथ, जो कधीचाच संपला असं सगळे धरून चाललेले आणि १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत कोळ्यांच्या जाळ्यात जिवंत आला.

आता टिक्टालिक नावाच्या त्या जुन्या माशाची गोष्ट सांगायची वेळ. ही रात्री झोपताना सांगा, गोष्ट म्हणूनच भारी आहे. नील शुबिन आणि टेड डेशलर हे दोघे शास्त्रज्ञ, त्यांनी आधी हिशोब मांडला की ३८ कोटींच्या आसपास मासे आहेत, ३६ कोटींच्या आसपास पायवाले प्राणी आहेत, मग मधला कोणी असेल तर ३७-३८ कोटींच्या खडकात असणार, तोही नदी-ओढ्याच्या गाळाच्या खडकात. असा खडक उघडा कुठं आहे हे नकाशात शोधलं आणि कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समेअर बेटावर गेले, जिथं झाड नाही, माती नाही, नुसतं बर्फ आणि खडक. त्या भागात १९९९ पासनं उन्हाळ्या-उन्हाळ्याला चकरा मारल्या आणि २००४ साली खडकातनं एक चपटं तोंड बाहेर डोकावताना दिसलं. २००६ साली जगाला सांगितलं. वय ३७.५ कोटी. अंगावर खवले, पर आहेत, म्हणजे मासा. पण पराच्या आत एक हाड, दोन हाडं, आणि मनगटासारखी बारीक हाडं. डोकं मगरीसारखं चपटं, डोळे वर. आणि मान! डोकं खांद्यापासून सुटलेलं. पोराला इथं रोहूची मान आठवू द्या, तुम्ही सांगू नका.

त्याच्यानंतरचे दोघे पायवाले प्राणी ग्रीनलंडमध्ये सापडलेत, अकँथोस्टेगा आणि इक्थिओस्टेगा, साधारण ३६.५ कोटींचे. अकँथोस्टेगाच्या पुढच्या पायाला आठ बोटं आणि इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात. पाच बोटांचा नियम तेव्हा बसलेलाच नव्हता. पण खरी गंमत पुढं आहे, जेनी क्लॅक या शास्त्रज्ञ बाईंनी अकँथोस्टेगाचा नीट अभ्यास केला तर दिसलं की त्याला बोटं आहेत पण कल्लेही आहेत, आणि पाय असे की जमिनीवर अंगाचा भार पेलणार नाहीत. म्हणजे बोटं पाण्यात आली. पाणवनस्पतींच्या गचपणात, तळाच्या चिखलात, ढकलत ढकलत चालायला, दबा धरून बसायला पाय बरे पडत होते. पाय पाण्यातले. जमीन नंतर.

पोलंडमध्ये झाखेल्मी नावाच्या खाणीत तर ३९ कोटींच्या आसपासचे पायांचे ठसे सापडलेत, २०१० साली जाहीर झालं. ते टिक्टालिकच्याही आधीचे. म्हणून टिक्टालिक हाच आपला थेट पूर्वज असं पोराला सांगू नका. त्या काळात असे अर्धे-मुर्धे खूप जण असणार, त्यातला हा एक आपल्याला सापडलेला. तरी मधल्या टप्प्यातलं शरीर कसं असतं ते तो दाखवतो, तेवढ्यानं काम भागतं.

मे महिन्यात भिंत बघा

हे खरं तर आधी यायला पाहिजे होतं, कारण झाडं प्राण्यांच्या आधी बाहेर आली, खायला आणि सावलीला काहीच नसतं तर प्राणी येऊन करणार काय.

तीन वस्तू गोळा करा. एक, गावाकडच्या हौदातलं लांब धाग्यांचं बुळबुळीत हिरवं शेवाळ. दोन, कंपाउंडच्या भिंतीवरचं मखमलीसारखं मॉस, ज्याला आपण सगळे शेवाळच म्हणतो पण ते वेगळं, त्याला बारकी पानं असतात, आणि मे महिन्यात ते वाळून काळपट तपकिरी झालेलं असतं. तीन, अळूचं पान. हौदातलं शेवाळ ताटलीत घेऊन उन्हात ठेवा, संध्याकाळपर्यंत कागदासारखं होतं, पुन्हा पाण्यात टाकलं तरी विटकंच राहतं. आता भिंतीवरच्या मेल्यासारख्या मॉसवर हातानं पाणी शिंपडा आणि घड्याळ लावून बघत बसा. काही मिनिटांत एकेक पान उघडतं आणि भिंत हिरवी होते. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, सत्तर वर्षं ती भिंत बघतायत, त्याही वाकून बघायला लागल्या, म्हणाल्या, "अगं बया, जित्तंच हाय की हे!"

मॉसला खरी मुळं नसतात, देठातनं पाणी वर चढवायच्या नळ्याही नसतात, ते सगळ्या अंगानं पाणी पितं, आणि पाणी नसलं की मरायच्या ऐवजी थांबतं. आणि त्याच्या पिल्लावळीला तर पाणी लागतंच, कारण मॉसच्या नर पेशी पावसाच्या पातळ पाण्यातनं पोहत मादी पेशीकडं जातात. आजही, तुमच्या कंपाउंडच्या भिंतीवर. मग अळूच्या पानावर पाणी टाका, थेंब मोत्यासारखा पळतो. अळूचं पान पाण्याला जास्तच झटकतं, पण तसा मेणाचा थर जमिनीवरच्या जवळपास सगळ्या पानांना असतो, म्हणून आतलं पाणी उडून जात नाही. आणि मेणानं सगळं बंद केलं तर हवा आत कशी येणार, म्हणून पानाला बारीक उघडझाप करणारी भोकं, पर्णरंध्रं. नळ्या आल्या, लाकूड आलं, मग झाड उंच झालं. आणि सगळ्यात शेवटी बी आली, तेव्हा पोहण्याची कटकट गेली.

ते हौदातलं साधं, बुळबुळीत, धाग्याधाग्याचं शेवाळ, स्पायरोगायरा, ते ज्या गटातलं आहे तोच गट आज जमिनीवरच्या सगळ्या झाडांचा सगळ्यात जवळचा नातेवाईक मानतात. वडाचा, आंब्याचा, उसाचा. आम्ही ते दरवर्षी ब्रशनं घासून फेकून देतो.

एक राहिलं, स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाच्या गावाजवळ ४० कोटी वर्षांपूर्वीची वीतभर उंचीची झाडं दगडात जशीच्या तशी मिळालीत, आणि त्यांच्या पेशींत बुरशी दिसते. मुळं नव्हती तेव्हा मातीतलं फॉस्फरस ओढून द्यायचं काम बुरशीनं केलं असणार, बदल्यात साखर घेऊन. शेतकऱ्याच्या पोराला हे लगेच कळतं, वाटेकरी म्हणून.

वाणी

पहिला पाऊस झाला की भिंतीवर, पायरीवर वाणी, म्हणजे ते पुष्कळ पायांचे लांबट किडे, निघतात, हात लावला की पैशासारखी गोल गुंडाळी करतात. त्यांना मारू देऊ नका. हवेत श्वास घेणारा प्राणी म्हणून ज्याचा अगदी जुना पुरावा आहे तो वाणीच आहे, स्कॉटलंडमधल्या स्टोनहेवनचा, चाळीस कोटींपेक्षा जुना, आणि त्याच्या अंगावर श्वासाची बारीक भोकं दगडातही दिसतात म्हणून तर कळलं की हा पाण्यातला नव्हे. तो शोधून काढला माइक न्यूमन या बस ड्रायव्हरनं. सुट्टीच्या दिवशी दगड बघायचा छंद. त्या वाणीला त्याचंच नाव दिलंय. आमच्या पोरीचे काका एसटीत ड्रायव्हर आहेत, त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, खरंच ड्रायव्हर का? खरंच ड्रायव्हर.

श्रावणात घाटावर

महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात पावसात गेलात तर धबधब्याजवळच नुसते फोटो काढू नका, शेजारच्या ओल्या कातळावर बघा, जिथं पाण्याचा नुसता पातळ पापुद्रा वाहतोय. तिथं काळपट, लांब शेपटीची बेडकाची पिल्लं दगडाला चिकटून बसलेली असतात, हात जवळ नेला की उड्या मारतात. पाण्यात नाहीत, ओल्यात आहेत. इंडिराना नावाच्या बेडकांची ती पिल्लं, त्यांना मागचे पायही लवकर येतात. महाबळेश्वरच्याच ओढ्यांवर रातबेडूक आहेत, ते अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या वरच्या पानावर किंवा दगडावर घालतात, पिल्लू झालं की टपकन खाली ओढ्यात पडतं. आणि रात्री झुडपातनं टकटक आवाज येतो ना, ते अंगठ्याएवढे झुडूपबेडूक, त्यांच्यात तर पोहणारं पिल्लूच नाही, अंड्यातनं थेट इवलासा बेडूक. आपल्या अंगणातला भेक मात्र साधा, पाण्यात अंडी, पाण्यात पिल्लं.

पोरं लगेच याची शिडी करतात, पहिली पायरी, दुसरी पायरी. तसं नाही म्हणून सांगा. हे सगळे आजचेच बेडूक, कुणी मागं राहिलेला नाही, कुणी पुढं पोचलेला नाही. पाण्यात पिल्लांना खाणारे खूप म्हणून प्रत्येकानं आपापली सोय लावलेली आहे. पण पाण्यावरचं अवलंबून राहणं थोडं थोडं करून सुटू शकतं हे एका दिवसाच्या ट्रिपमध्ये डोळ्यांना दिसतं. आणि काहीही उचलून आणायचं नाही, बाटलीत भरायचं नाही, बघायचं आणि यायचं. जळवांसाठी मीठ न्या.

सांगलीची मगर आणि घरची पाल

माझं माहेर सांगली. कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीकरांना सांगायला नको, औदुंबर-भिलवडीकडं तर लोकांना रोजचं भय. भाच्यांना आणि पोरीला माझ्या भावानं लांबून, उंचावरनं, दुर्बिणीतनं एक दाखवली, काठाला ऊन खात पडलेली (नदीच्या काठाला पोरांना घेऊन उतरू नका, कधीच नाही). पोरगी म्हणाली, ही तर पाण्यातच राहते, मग हिला परत पाण्यातलाच प्राणी म्हणायचं का? मी म्हटलं अंडी कुठं घालते ते मामाला विचार. भाऊ म्हणाला, काठावर, खड्डा करून, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात.

आता बेडूक आणि मगर शेजारी ठेवा. बेडूक जमिनीवर राहतो आणि अंडी घालायला पाण्यात जातो. मगर पाण्यात राहते आणि अंडी घालायला जमिनीवर येते. कारण मगरीच्या अंड्यात तिचं डबकं आतच आहे, पिल्लू पाण्याच्या पिशवीत, शेजारी पिवळ्या बलकाची शिदोरी, बाहेर कवच. कोंबडीचं अंडं असंच. उकळत्या पाण्यात अंडं सोडा, कवचातनं बारीक बुडबुडे निघतात, ती भोकं पिल्लाच्या श्वासाची. बोथट टोकाला हवेची पोकळी, सोलताना दिसते. असलं अंडं घालणाऱ्यांतला एक अगदी जुना प्राणी म्हणजे कॅनडाच्या जॉगिन्स इथला हायलोनोमस, पालीएवढा, साधारण ३१ कोटी वर्षांपूर्वीचा. टेपवर खूण करा.

घरच्या पालीची लेंडी बघा, काळ्या टोकाला पांढरा ठिपका असतो. तो पांढरा ठिपका म्हणजे तिची लघवी. मासे शरीरातली घाण अमोनिया म्हणून सरळ पाण्यात सोडतात, अमोनिया विषारी पण आजूबाजूला पाणी इतकं की चालतं. आपण तिचा युरिया करतो, त्याला पाणी कमी लागतं. पाल आणि पक्षी तिचा घट्ट पांढरा लगदा करतात, पाणी जवळजवळ वाचतंच. जमिनीवर राहायचं म्हणजे थेंबाथेंबाचा हिशोब, आपल्या माणदेशातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

हौदातलं काम, हे सगळ्यात जपून करा

हे शेवटी ठेवलंय कारण यात मी आधी चूक केलेली आहे आणि ती तुमच्याकडनं होऊ नये.

कोरेगाव तालुक्यात आमचं गाव, तिथं परड्यात सिमेंटचा हौद आहे. जूनमध्ये पाऊस झाला की भेक रात्रभर ओरडतात आणि सकाळी हौदात पारदर्शक दोऱ्यांत ओवलेल्या काळ्या मण्यांसारखी अंडी दिसतात. दोन-चार दिवसांत काळे बारके बेडूकमासे. आम्ही दर शनिवारी जायचो आणि पोरगी वहीत चित्र काढायची. आधी नुसतं डोकं आणि शेपूट. तेव्हा ते कल्ल्यांनी श्वास घेतात, शेवाळ खरवडून खातात, घाण अमोनियाच्या रूपात सोडतात, म्हणजे सगळा कारभार माशाचा. मग मागचे पाय. मग तोंडाजवळ सूज आल्यासारखी दिसते आणि एक दिवस कोपर पहिल्यांदा बाहेर येतं, पुढचा पाय. त्या दिवसांत आत काय काय चाललेलं असतं बघा, कल्ले जातात, फुप्फुसं कामाला लागतात, शेवाळ पचवणारं लांबलचक आतडं आखूड होतं, तोंड रुंद होतं, अमोनियाचा युरिया व्हायला लागतो, शेपूट आत विरघळते आणि त्यावरच ते जगतं, कारण तेव्हा खाता येत नाही. जो बदल माशांच्या वंशाला कोट्यवधी वर्षं लागला त्याच्यासारखं काहीतरी महिना-सव्वा महिन्यात. (बेडूक उत्क्रांतीचा इतिहास परत वाचून दाखवतो असं मात्र म्हणू नका, तसं नसतं. एका शरीराला कल्ल्यांवरनं फुप्फुसांवर कसं जाता येतं, एवढंच तो दाखवतो.)

पहिल्या वर्षी आम्ही एका शनिवारी गेलो नाही, पाहुणे होते. पुढच्या शनिवारी गेलो तर हौदात सात इवले बेडूक मरून तरंगत होते, पूर्ण झालेले, चारही पाय, शेपटीचं नुसतं टोक राहिलेलं. पोरगी रडायला लागली, म्हणाली पाण्यातच तर होते, पाण्यात कसे मेले? बुडून मेले. कल्ले गेलेले, फुप्फुसं आलेली, हौदाच्या भिंती सरळ उभ्या आणि गुळगुळीत, पाणी वीतभर खाली, चढून बसायला जागा नाही. पोहून पोहून दमले. तिचा मेमधला प्रश्न बरोबर उलटा होऊन समोर आलेला, आणि उत्तर तिनंच दिलं, हळू आवाजात, "म्हणजे आता ते मासे नव्हते."

म्हणून हौद, टाकी, विहिरीची डोणी, जिथं कुठं अंडी दिसतील तिथं पुढचे पाय यायच्या आधी एक खडबडीत फळी तिरकी लावा, एक टोक पाण्यात बुडलेलं, दुसरं काठाच्या वर. गुळगुळीत असेल तर तिच्यावर गोणपाट बांधा. जवळ दोन विटा, ओला पाला, सावली. पिल्लं उचलून घरी आणू नका, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते त्यांना सोसत नाही. हौद घासायचा असेल तर तोवर थांबा.

यंदा आम्ही फळी लावली. आषाढात एका संध्याकाळी भुरभुर पाऊस चाललेला, आत्यांनी हाक मारली म्हणून बॅटरी घेऊन गेलो. फळीवर अकरा होते, नखाएवढे, तिघांना अजून शेपटी, गळ्याची कातडी लकलक हलत होती, श्वास. पोरीनं बॅटरी बाजूला धरली, त्यांच्या डोळ्यांवर नको म्हणून. एकेक करत काठावर गेले आणि कर्दळीच्या बुडाला ओल्या पाल्यात शिरले. उशिरानं होणारी असतात काही, म्हणून फळी दसऱ्यापर्यंत काढत नाही.